नऊ वेळा दाबलेलं बटण

आत या सगळे. दाराशी घोटाळू नका, आणि कशालाही हात लावायचा नाही. ते लाल बटण आहे ना, त्याच्या तर जवळही जायचं नाही. आज दुपारी तुमच्यापैकीच एकाला ते दाबायचं आहे, पण त्याआधी मी सांगते ते कान उघडे ठेवून ऐका. मी एकदाच सांगते. पुन्हा विचारलंत तर चिडेन, आणि मी चिडले की काय होतं ते घरी आईबापांना विचारा.

मी उत्पला रामटेके, या हवाघराची (वस्तीला श्वासासाठी हवा पुरवणाऱ्या यंत्राच्या खोलीची) प्रमुख. मी तुमच्याएवढी, बारा वर्षांची होते तेव्हाची ही गोष्ट. आधी एक कोडं घालते.

चंद्रावर तेव्हा आपल्या लोकांच्या दोन वस्त्या होत्या. एक ही, उजेडगाव. दुसरी इथून अकरा किलोमीटरवर, कधीच ऊन न पोचणाऱ्या खड्ड्यात, बर्फ खणायला वसवलेली. तिचं नाव सावली. दोन्हीकडची माणसं चंद्रपूरच्या बाजूच्या कोळसा खाणींतून आलेली. जमिनीच्या पोटात राहायची त्यांना सवय होती. सावलीत एक्केचाळीस माणसं असायची आणि त्यांच्या हवायंत्राची चालक होती माझी आई, निरंजना रामटेके. पंधरा दिवस ती तिकडे, पंधरा दिवस आमच्याकडे.

मी दहा वर्षांची असताना मोठं सौरवादळ (सूर्याकडून येणारा घातक कणांचा लोंढा) आलं. सावलीची वीज वीस मिनिटं गेली आणि परत आली. आईने हवायंत्राचं बटण दाबलं. यंत्र सुरू झालं नाही. तिने बंद केलं, पुन्हा दाबलं. असं नऊ वेळा. तिच्या रोजवहीत तिने नऊही खेपा वेळ घालून लिहिल्यात, आणि प्रत्येक ओळीपुढे एकच शेरा आहे: "पडद्यावर 'सुरू होत आहे'. सुरू झालं नाही." नववी ओळ वाकडीतिकडी आहे. तिच्याखाली पान कोरं आहे. टाकीची झडप हाताने उघडत नाही, ती यंत्रच उघडतं; वादळात बाहेर पडायची सोय नव्हती, आणि आतली हवा संपली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस माणसं गेली.

चार दिवसांनी चौकशीची माणसं तिथे पोचली. टाक्या भरलेल्या, वायरी शाबूत, वीज चालू. त्यांनी तेच बटण दाबलं, आणि यंत्र दोन मिनिटांत सुरू झालं. पहिल्याच खेपेला!

आता सांगा. आईसाठी नऊ वेळा अडून बसलेलं यंत्र त्यांच्यासाठी एका बटणात कसं सुरू झालं?

चौकशीवाल्यांना फार डोकं चालवावं लागलं नाही. अहवालात त्यांनी कारण लिहिलं, "चालकाची चूक". सावलीला कुलूप लागलं, आणि माझी आई चाळीस माणसांचा जीव घेणारी बाई ठरली. शाळेत माझ्या शेजारी कुणी बसेना. एका मुलीची मावशी सावलीत दगावली होती. तिने माझा डबा उचलून जमिनीवर आपटला, आणि बाईंनी तिला एका शब्दाने हटकलं नाही. मला रात्रंदिवस एकच गोष्ट हवी होती. आईच्या नावावरचे ते शब्द पुसले गेले पाहिजेत. पण कसे? चौकशीवाल्यांनी परत दिलेल्या रोजवहीतल्या नऊ ओळी आणि एक कोडं, एवढंच माझ्याकडे होतं.

आता उजेडगावच्या एका खुळाबद्दल सांगते. हो, खूळच म्हणते मी त्याला. समोरच्या भिंतीवर तो काळा फळा दिसतो ना? त्यावर तेव्हा मोठ्या अक्षरांत "अखंड" असं लिहिलेलं असायचं आणि खाली एक आकडा. हवायंत्र किती दिवस न थांबता चालू आहे, त्याचा आकडा. रोज सकाळच्या पाळीला सगळ्यांत जुना कामगार हात धुऊन खडूने आकडा बदलायचा. वर्ष भरलं की अखंड दिन! गूळ-शेंगदाणे वाटायचे, फळ्याला हार घालायचे, लहान मुलांना फळ्यापुढे उभं करून नमस्कार करायला लावायचे. सावली गेली त्या वर्षी आमचे वस्तीप्रमुख पाचभाई साहेब भाषणात म्हणाले, "सावलीचं अखंड तुटलं. आपलं टिकलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथेच उभी होते. मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं.

दोन वर्षांनी, फळ्यावर आकडा सहा हजार नऊशेच्या पुढे गेला असताना, यंत्राच्या मोठ्या पंख्याचं बेअरिंग कुरकुरायला लागलं. ते बदलायचं तर पंखा, यंत्र, संगणक, सगळं दोन तास बंद करावं लागणार. न बदलावं तर महिन्याभरात पंखाच जाम होणार. पाचभाई साहेबांचा चेहरा घरात कुणी गेल्यासारखा झाला. आकडा शून्यावर येणार याचंच त्यांना दुःख! शेवटी गुरुवार ठरला. पुढचा गुरुवार.

त्या सभेत मागच्या बाकावरून एक म्हातारा ओरडला, "अन् सुरू झालं नाही तं?"

ते होते येरणे आबाजी. हवायंत्राचा प्रोग्राम (संगणकाने काय काय, कोणत्या क्रमाने करायचं त्याच्या आज्ञांची यादी) त्यांनीच लिहिला होता. आता डोळ्यांत मोतीबिंदू, हात थरथरणारे, आणि कुणाशी पटत नाही अशी ख्याती.

पाचभाई साहेब हसले. "आबाजी, एकोणीस वर्षं एक क्षण न थांबता चाललेलं यंत्र आहे. ते सुरू का नाही होणार?"

"चाललंय ते चालण्याचं काम, बाप्पा. सुरू होण्याचं काम त्यानं एकोणीस वर्षांत केलंय कुठं?" आबाजी म्हणाले. लोक उठून निघायला लागले होते. कुणी ऐकलं नाही.

मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिले. नाव सांगितलं तशी त्यांनी मला आत बोलावलं.

"निरंजनाची पोरगी," ते म्हणाले. "तुले डोळे चांगले आहेत ना? मले पडद्यावरचं दिसत नाही. वाचून दाखवशील? म्या सांगतो ते टाइप करशील?"

"करीन. पण आधी सांगा, चालणं आणि सुरू होणं यात काय फरक?"

"तुझ्या घरी सकाळी शेगडी कोण पेटवतं?"

"बाबा."

"पेटली की तिच्याकडे दिवसभर कुणी पाहत नाही. पण पेटवताना पाहावं लागतं. वीज आहे का, बटण फिरतं का, तार लाल होते का, वरची जाळी मोकळी आहे का. प्रोग्रामचंही तसंच. त्याच्या सुरुवातीला काही ओळी असतात, त्या फक्त सुरू होताना एकदाच चालतात. म्हणून त्यांच्यातली चूक कोणाले दिसत नाही. आपल्या यंत्रातल्या काही ओळी तं म्या सावली बांधल्यावर घातल्या. यंत्र चालूच होतं. त्या ओळी इथं आजवर एकदाही चालल्या नाहीत."

म्हणजे उजेडगावच्या दोनशे बारा माणसांचा श्वास कधीच न चाललेल्या ओळींवर!

"मग एकदा बंद करून बघू या ना."

"अन् नाही झालं सुरू, तं तू सगळ्यांसाठी फुंकर मारत बसशील?" आबाजी माझ्यावर खेकसले. "खऱ्या यंत्रावर चाचणी नाही करायची. पाह्य, हा माझा जुना संगणक. यात त्या सुरुवातीच्या ओळींची नक्कल आहे. ही चालवायची."

मी लगेच चालवायची कळ दाबायला गेले. त्यांनी माझं मनगट असं पकडलं की वळ उठला.

"वायर उपटली का मागची? ही नक्कल असली तरी तिच्यात खऱ्या झडपांचे पत्ते आहेत. तिनं हुकूम दिला असता तं खरी झडप हलली असती, पोरी!"

मी वायर उपटली. मग त्यांनी मला ओळी वाचायला लावल्या आणि आम्ही कागदावर लिहून काढलं, की हा प्रोग्राम सुरू होताना बाहेरच्या कुणाकुणाशी बोलतो. पृथ्वीच्या घड्याळाला वेळ विचारतो. टाकीच्या दाबमापकाला (हवेचा दाब मोजणाऱ्या उपकरणाला) दाब विचारतो. सावलीला विचारतो, "तुझी झडप बंद आहे ना?" आणि सगळं ठीक असेल तर आपल्या झडपेला सांगतो, "उघड."

"सावलीला कशाला विचारायचं?"

"दोन्ही वस्त्यांचा हवेचा पाइप एक. दोघांनी एका वेळी झडपा उघडल्या तं पाइप फुटेल. म्हणून म्या दोन्ही प्रोग्रामांना शेजारधर्म शिकवला. शेजाऱ्याले विचारल्याशिवाय झडप उघडायची नाही."

घड्याळ, दाबमापक, सावली, झडप, ही झाली बाह्य अवलंबनं (ज्यांच्याशिवाय प्रोग्रामचं पान हलत नाही अशा बाहेरच्या गोष्टी). त्यांच्या भरवशावर चाचणी केली तर नापास कोण झालं तेच कळत नाही. प्रोग्राम चुकला, की घड्याळ बिघडलं होतं? शिवाय दाबमापक खोटं बोललं तर काय होईल ते बघायला खरं दाबमापक फोडायचं का? म्हणून या चौघांना बाजूला काढायचं आणि त्यांच्या जागी चार तोतये बसवायचे. पूर्वी कुणी राजा असल्याचं सोंग घेऊन फिरला की त्याला तोतया म्हणत. आमचे तोतये म्हणजे चार-पाच ओळींचे छोटे प्रोग्राम. घड्याळाचा तोतया आम्ही सांगू ती वेळ सांगणार. झडपेचा तोतया काहीच उघडणार नाही, फक्त कुणी काय हुकूम दिला ते लिहून ठेवणार.

पण बसवायचे कुठे? आबाजींनी मूळ प्रोग्राममध्ये पत्ते थेट ओळींमध्ये कोरून ठेवले होते. तो डोळे मिटून सरळ खऱ्या सावलीकडेच जायचा. "म्या तेव्हा घाई केली," ते म्हणाले. मग आम्ही ते पत्ते काढून टाकले आणि प्रोग्रामला सुरू करतानाच हातात एक चिठ्ठी द्यायची सोय केली. वेळ याला विचार, दाब त्याला विचार, शेजारी म्हणजे हा. चिठ्ठीत खरी नावं लिहिली की खरं काम, तोतयांची लिहिली की चाचणी. प्रोग्रामच्या बाकीच्या ओळींना फरक कळतही नाही. एवढ्याशा बदलाला आम्हाला दोन दिवस लागले. मी चुका करायचे, आबाजी ओरडायचे, मी उलटून बोलायचे. एकदा मी चिडून उठून गेले आणि जेवून परत आले.

सावलीचा तोतया मी एकटीने लिहिला. प्रोग्रामला "झडप बंद" एवढंच उत्तर पुरे होतं. पण आई रोज सकाळी इकडे बोलायची ना, "सावली ठीक आहे, झडप बंद आहे, तुमचं काय?" मी ते अख्खं वाक्य घातलं. आबाजींना वाचून दाखवलं. ते चष्मा पुसत बसले.

सोमवारी पहिली फेरी घेतली. चारही तोतये शहाण्यासारखे वागले. दोन मिनिटांत पडद्यावर आलं, "सुरू झाले." मी टाळी वाजवली.

"डोंबलाचं! सगळं बरोबर असताना चाललं, त्यात काय?" आबाजी म्हणाले. "आता त्यांना वाकडं बोलायला शिकव."

दुसऱ्या फेरीत दाबमापकाचा तोतया शून्याच्याही खालचा दाब सांगू लागला. प्रोग्राम थांबला आणि पडद्यावर आलं, "दाबमापक तपासा." छान. तिसऱ्या फेरीत घड्याळाचा तोतया गप्प बसला. प्रोग्रामने थोडं थांबून स्वतःचं घड्याळ वापरलं. तेही छान. चौथ्या फेरीत सावलीचा तोतया म्हणाला, "झडप उघडी आहे." प्रोग्राम शहाण्यासारखा थांबला, आणि तोतयाने "बंद केली" म्हटल्यावरच पुढे गेला.

"आता?" मी विचारलं.

"आता सावलीले गप्प कर."

त्यासाठी मला आईचं वाक्य पुसायचं होतं. कळीवर बोट ठेवून मी एकेक अक्षर मागून पुसत गेले. "तुमचं काय" गेलं, "झडप बंद आहे" गेलं, "सावली ठीक आहे" गेलं. तुम्हाला वाटेल, नुसती अक्षरं तर होती. मला रडू आवरलं नाही.

मग कळ दाबली. घड्याळाने वेळ सांगितली, दाबमापकाने दाब सांगितला. आणि पडद्यावर दोन शब्द आले.

"सुरू होत आहे."

आम्ही बसलो. पाच मिनिटं झाली. आबाजींचा चहा निवला. वीस मिनिटं झाली. झडपेच्या तोतयाची वही कोरी होती. चाळीस मिनिटं झाली.

"पडद्यावर काय आहे?" आबाजी विचारत राहिले. मी प्रत्येक वेळी तेच वाचत होते, "सुरू होत आहे." आणि एकदा वाचता वाचता माझा मलाच आवाज ऐकू आला. हे मी आधी वाचलं होतं. नऊ वेळा वाचलं होतं.

मी धावत घरी गेले, आईची रोजवही घेऊन आले आणि त्यांना नऊही ओळी वाचून दाखवल्या. पहिल्याच ओळीला आबाजींनी मान खाली घातली.

"तारीख सांग, वेळ सांग," ते म्हणाले. मी सांगितली. ते भिंतीकडे बघत बोलायला लागले. "वादळ आलं की संदेशाची छत्री (संदेश देणारी-घेणारी तबकडी) मिटून ठेवायची, असा नियम आहे. नाही तं ती जळते. त्या दिवशी उजेडगावची छत्री एकोणीस तास मिटलेली होती. सावलीतही हाच प्रोग्राम, पोरी. तुझ्या मायनं बटण दाबलं. त्यानं आपल्याले विचारलं, तुमची झडप बंद आहे ना? आपण उत्तर दिलं नाही. तो वाट पाहत बसला. तिनं बंद करून पुन्हा दाबलं, त्यानं पुन्हा विचारलं."

"आणि चार दिवसांनी आपली छत्री उघडी होती," मी म्हणाले. "म्हणून त्यांना लगेच उत्तर मिळालं."

"हो."

"मग पडद्यावर ते का नाही आलं? उजेडगावची वाट पाहतोय, एवढं जरी आलं असतं तरी आईला कळलं असतं! घड्याळ गप्प बसलं तर काय करायचं ते घातलंत, मग शेजारी गप्प बसला तर काय, ते का नाही घातलंत?"

आबाजी म्हणाले, "पृथ्वी लांब आहे. ती कधीमधी बोलणार नाही, हे म्या धरलं. शेजारी बोलणार नाही, हे मनातच आलं नाही. म्या लिवलं ते. चूक तिची नाही, माझी आहे."

मी त्यांचं सांत्वन-बिंत्वन काही केलं नाही. खोटं कशाला सांगू? मला त्यांचा भयंकर राग आला. मी म्हणाले, "तुम्ही माझ्या आईला मारलंत," आणि ते "हो" म्हणाले. पडद्यावर अजून तेच होतं. मग माझ्या ध्यानात आलं, की सावलीत आता कुणीच नाही. गुरुवारी आमचं यंत्र सुरू होताना सावलीला विचारणार, आणि सावली कधीच उत्तर देणार नाही.

"उठा," मी म्हणाले. "ओळ दुरुस्त करायची आहे."

मंगळवारी आम्ही तिला मुदत घातली. सावलीला विचार, साठपर्यंत मोज, उत्तर नाही आलं तर स्वतःच्या पाइपचा दाब बघ, तो शांत असेल तर झडप हळूहळू उघड. आणि कुणाची वाट पाहतोयस ते पडद्यावर लिही. पाचवी फेरी पास झाली आणि माझ्या जिवात जीव आला. पण आबाजींनी सगळ्या फेऱ्या पहिल्यापासून घ्यायला लावल्या, आणि काय सांगू, चौथी नापास! शेजारी "झडप उघडी आहे" म्हणत असतानाही आमचा प्रोग्राम साठ मोजून बिनधास्त पुढे गेला. पाइप फुटला असता. एक भोक बुजवताना आम्ही दुसरं पाडलं होतं. गप्प बसणं वेगळं आणि नाही म्हणणं वेगळं, हे त्याला नीट शिकवायला सगळा दिवस गेला. म्हणून दुरुस्ती केली की आधी पास झालेल्या चाचण्याही पुन्हा घ्यायच्या. पाठ करा हे.

बुधवारी सकाळी आम्ही तो जुना संगणक घेऊन पाचभाई साहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. "उद्या बंद करायचं, आणि आज प्रोग्राम बदलायचा? अहवालात स्पष्ट आहे, चालकाची चूक! पोरीचं मी समजू शकतो, आबाजी, पण तुम्ही?"

"या संगणकात जुन्याच ओळी ठेवल्यात, अन् शेजारी गप्प केलाय," आबाजी म्हणाले. "तुम्हीच कळ दाबा. सुरू झालं तं म्या माझे शब्द मागे घेतो."

पाचभाई साहेबांनी कळ दाबली. हाताची घडी घालून बसले. दहा मिनिटांनी त्यांनी घसा खाकरला. अर्ध्या तासाने ते पडद्याच्या अगदी जवळ सरकले. तासाभराने त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला, आईची वही मागितली आणि नऊ ओळी बोट फिरवत वाचल्या. त्यांचा सख्खा भाऊ सावलीत दगावला होता. हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

"नव्या ओळी घाला," एवढंच ते म्हणाले.

गुरुवार. सगळी वस्ती या खोलीबाहेरच्या मोठ्या दालनात, मधलं दार उघडं ठेवून, भिंतीला पाठ टेकून बसली होती. बोलायचं नाही, हिंडायचं नाही, हवा जपायची. पाचभाई साहेबांनी स्वतः बटण बंद केलं. पंखा थांबत थांबत थांबला. आम्ही जन्मापासून ऐकत आलेला तो आवाज गेला. आम्हाला आमचेच श्वास ऐकू येऊ लागले. तान्ही पोरं रडायला लागली. बाबा बेअरिंग बदलणाऱ्यांत होते. त्यांच्या पान्ह्याचा आवाज तेवढा येत होता. दोन तास सरले.

आबाजी म्हणाले, "उत्पला दाबेल."

तोतये शिकवलं तेवढंच बोलतात, पोरांनो. खऱ्या जगात काय काय होईल ते त्यांना ठाऊक नसतं. पाचही फेऱ्या पास झाल्या होत्या तरी बटणावर बोट ठेवून मी एकदा बाबांकडे बघितलं. मी दाबलं. वेळ आली. दाब आला. आणि मग पडद्यावर उमटलं, "सावलीच्या उत्तराची वाट पाहत आहे."

मी मोठ्याने आकडे मोजायला लागले. दहाच्या पुढे माझ्याबरोबर आबाजी मोजू लागले, मग बाबा, मग सगळं दालन. एकोणसाठ. साठ.

"सावलीचे उत्तर नाही. पाइप शांत. एकट्याने सुरू होत आहे."

पंख्याने एक आचका दिला आणि तो फिरायला लागला. लोक रडत होते, ओरडत होते, एकमेकांच्या गळ्यात पडत होते. माझा डबा आपटणारी ती मुलगी येऊन माझ्याशेजारी बसली. पाचभाई साहेबांनी फळ्यावरचा आकडा ओल्या फडक्याने पुसला.

आबाजींनी त्याच दिवशी माझ्याकडून पत्र लिहून घेतलं. "चूक चालकाची नाही. ओळ लिहिणाऱ्याची आहे." खाली थरथरत सही केली. चार महिन्यांनी अहवाल बदलून आला. वर्षभरात आबाजी गेले. मी त्यांना माफ केलं का? अर्धंमुर्धं. पण त्यांच्याकडूनच सगळं शिकले.

आता अखंड दिन नाही. दर वर्षी आजच्या दिवशी आपण यंत्र मुद्दाम बंद करतो आणि पुन्हा सुरू करतो, त्याआधी तोतयांच्या फेऱ्या घेतो. तेव्हा पाच होत्या, आज एकशे अठरा आहेत. पुढची तुमच्यापैकी कुणाला तरी सुचेल. सावलीत पुढच्या वर्षी पुन्हा माणसं राहायला जाणार आहेत. तिकडचा प्रोग्राम याच खोलीत, याच टेबलावर तपासून जाईल, आणि तो तपासायला मला तुम्ही लागणार आहात.

ही आईची रोजवही. हात पुसून घ्या, मग बघा. या तिच्या नऊ ओळी. आणि खाली हे वेडंवाकडं अक्षर माझं आहे, त्या गुरुवारचं, वेळ घातलेली आहे: "दहावी खेप. सुरू झालं."